हांसळीखालची धमनी

मनुष्याच्या देहांत शस्त्रवैद्याच्या हाताला सहज सांपडणारीं स्थळें पुष्कळ आहेत, आणि ज्यांच्या वाटेस जाण्यापूर्वीं त्यानें दोनदां विचार करावा अशीं थोडीं आहेत. त्या थोड्यांपैकीं एक आपण सर्वजण रोज आरशांत पाहतों. मानेच्या खालीं दोहों बाजूंस जें आडवें हाड त्वचेखालीं उंचावलेलें दिसतें तें हांसळीचें हाड. त्याच्या मागून, पहिल्या बरगडीवर वळसा घेऊन, हाताकडे जाणारी मोठी धमनी धांवत असते. हृदयांतून निघालेली महाधमनी वर चढून कमानीसारखी वांकते, आणि त्या कमानीच्या माथ्यावरून तीन शाखा फुटतात: पहिली उजवा हात व मस्तकाची उजवी बाजू यांची सामाईक, दुसरी डाव्या बाजूनें मस्तकाकडे जाणारी, व तिसरी डाव्या हाताची. पुढें ती कमान पाठीच्या कण्याला लागून खालीं उतरते. एवढा सगळा पसारा वीतभर जागेंत मावलेला आहे. आणि त्याच्या पुढें उरोस्थि, हांसळी व बरगड्या यांचा असा कोट उभा आहे कीं, बाहेरचा घाव आंत पोंचण्यास जितका कठीण, तितकाच आंतला घाव बांधण्यासाठीं बाहेरचा हात पोंचण्यासहि कठीण.

हाताला जखम झाली तर वर पट्टा आवळून रक्त थोपवितां येतें. मांडीला झाली तर मूठ रेटून धरतां येते. हांसळीखालून रक्त उसळूं लागलें म्हणजे मात्र दाबावयाचें कोठें, हा प्रश्न भल्याभल्यांस पडतो. हाड मध्यें येतें. आणि रक्त जर छातीच्या पोकळींत वळलें तर बाहेर थेंबहि न दिसतां मनुष्य मिनिटांत गार पडतो. अशी ही धमनी आज छाती न उघडतां दुरुस्त होऊं शकते. मांडीच्या किंवा हाताच्या धमनीस सुईनें छिद्र पाडून, त्यांतून एक बारीक तार व तारेवरून एक नळी सरकवीत जखमेच्या जागेपर्यंत नेतात. नळीच्या टोकाशीं धातूच्या जाळीचें, कापड चढविलेलें, मिटलेलें नळकांडें असतें. तें योग्य ठिकाणीं उलगडलें म्हणजे धमनीच्या भिंतीस आंतून अस्तरासारखें चिकटून बसतें, आणि रक्त फाटलेल्या जागेस न शिवतां त्या अस्तरांतून पुढें वाहूं लागतें. नुसत्या जाळीस स्टेंट व कापडासह तिला स्टेंट-ग्राफ्ट म्हणतात. हें आंतून अस्तर लावण्याचें काम कसें साधलें, आणि त्याचें श्रेय कोणाच्या पदरीं पडलें, हें सांगावें असा विचार आहे.

वैद्यकावर मराठींत लिहितांना आरंभीं सुश्रुताचें स्मरण करण्याची चाल पडून गेली आहे. येथें तें केवळ चालीखातर करीत नाहीं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत मर्मांची गणना करतांना खांद्याच्या शिखराखालीं, कुशीच्या वरच्या भागीं, ‘अपलाप’ नांवाचीं दोन मर्में सांगितलीं आहेत, व तेथें सांचलेल्या रक्ताचा पू झाला असतां मृत्यु येतो असें म्हटलें आहे. म्हणजे ही जागा घातक आहे ही जाणीव जुनी. परंतु घातक जागा ओळखणें निराळें आणि ती दुरुस्त करणें निराळें. या दुसऱ्या कामाचा इतिहास सवादोनशें-अडीचशें वर्षांपलीकडे जात नाहीं, व तो लंडन, न्यूयॉर्क, पोर्टलंड, खार्किव अशा दूरदूरच्या शहरांत घडला. त्यांतलें शेवटचें नांव बहुतेक वाचकांस या संबंधांत नवें वाटेल. तें नवें वाटावें हेंच हा लेख लिहिण्याचें एक कारण आहे.

आरंभ बांधण्यापासून झाला. धमनी फुटली, किंवा तिची भिंत दुबळी होऊन तिला फुगवटा आला, तर तिला दोऱ्यानें बांधून टाकणें हा एकच उपाय अठराव्या शतकाच्या अखेरीस हातीं होता. आणि बांधल्यावर पुढच्या अवयवाचें काय, या प्रश्नाला ‘तो गेला तर गेला’ याहून बरें उत्तर नव्हतें. १७८५ सालीं लंडनच्या सेंट जॉर्जेस इस्पितळांत जॉन हंटर यानें एका गाडीवानाच्या गुडघ्यामागील फुगवट्यासाठीं, फुगवट्यास मुळींच हात न लावतां, वर मांडींत निरोगी जागीं धमनी बांधली. पाय जगला. मोठा रस्ता बंद झाला तरी लहान लहान आडवाटांनीं रक्त आपला मार्ग काढतें, हें हंटरनें ओळखलें होतें. या आडवाटांची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. दोनशें वर्षांनंतर तिचें पुन्हां काम पडणार आहे.

हंटरच्या शिष्यपरंपरेनें मग एकेक धमनी बांधावयास घेतली, व पायाकडून वर सरकत ती हांसळीपाशीं येऊन ठेपली. डब्लिनच्या अब्राहम कॉलिसनें १८११ सालीं हांसळीखालची धमनी तिच्या उगमाच्या बाजूस बांधली. रोगी वांचला नाहीं. न्यूयॉर्कच्या राइट पोस्टनें १८१७ सालीं तीच धमनी बाहेरच्या अंगास, खांद्याच्या बाजूला बांधली. तो रोगी वांचला. पुढच्याच वर्षीं, ११ मे १८१८ रोजीं, त्याच शहरांत व्हॅलेंटाइन मॉट या बत्तीस वर्षांच्या शस्त्रवैद्यानें याहूनहि खोल जाऊन, महाधमनीच्या कमानीवरून निघणाऱ्या उजवीकडील सामाईक शाखेलाच दोरा घातला. रोगी सत्तावन वर्षांचा एक खलाशी होता. गुंगीचें औषध निघण्यास अजून अठ्ठावीस वर्षें अवकाश होता. जखम पिकण्याचें कारण तर कोणासच ठाऊक नव्हतें. तरी तो खलाशी सव्वीस दिवस जगला, आणि शेवटीं जखम चिघळून रक्तस्रावानें गेला. हेंच कृत्य यशस्वी होण्यास १८६४ साल उजाडावें लागलें. न्यू ऑर्लिन्समध्यें अँड्र्यू वुड्स स्मिथ यानें ती सामाईक शाखा व तिच्यापासून निघणारी मानेची धमनी अशा दोन्ही बांधल्या. तरीहि कांहीं आठवड्यांनीं रक्तस्राव होतच राहिला. कारण असें निघालें कीं, कण्याच्या बाजूनें मेंदूकडे जाणाऱ्या धमनींतून रक्त उलटें, वरून खालीं वाहत येत होतें. तीहि बांधली तेव्हां रोगी बचावला, व पुढें दहा वर्षें जगला.

या काळच्या ग्रंथांत शस्त्रवैद्याचें नांव ठळक असतें, आणि रोगी ‘एक खलाशी’, ‘एक गाडीवान’ एवढाच उरतो. मॉटचें धाडस मोठें होतें यांत संशय नाहीं. परंतु शुद्धीवर असतां सुरी सोसणाऱ्याचें धाडस त्याहून लहान होतें असें म्हणवत नाहीं. शिवाय हें सारें कौशल्य शेवटीं रस्ता बंद करण्याचें कौशल्य होतें. फुटलेला कालवा दुरुस्त करावयाचा, तर त्याचा उगमच बुजवावयाचा, असा तो प्रकार.

रस्ता चालू ठेवून दुरुस्ती करण्याचा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला, आणि त्यांतील दोन घटना पुढील इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाच्या आहेत. १८८८ सालीं न्यू ऑर्लिन्सच्या रुडॉल्फ माटास यास, बंदुकीच्या छऱ्यांनीं दंडाच्या धमनीला झालेला फुगवटा बांधूनहि आटोपेना, तेव्हां त्यानें तो फुगवटाच उघडला आणि धमनीचीं तोंडें आंतल्या बाजूनें शिवून टाकलीं. आंतून काम करण्याची ही पहिली चाहूल होय. दुसरी घटना फ्रान्समधली. १८९४ सालीं लिऑन शहरीं राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्या पोटांत सुरा खुपसला गेला. त्यांत यकृताकडे जाणारी मोठी शीर तुटली, ती शिवण्याची विद्या कोणाजवळ नव्हती, आणि देशांतील पहिला नागरिक वैद्यांच्या देखत रक्तस्रावानें गेला. आलेक्सी कारेल हा तेव्हां तेथें वैद्यकाचा विद्यार्थी होता. रक्तवाहिन्या शिवतां आल्याच पाहिजेत हा ध्यास त्यानें घेतला, भरतकाम करणाऱ्या एका बाईकडून बारीक सुई-रेशमाची कला शिकून घेतली, आणि १९०२ सालीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. वाहिनीच्या गोल तोंडाला तीन ठिकाणीं टांके घेऊन ताणलें म्हणजे वर्तुळाचा त्रिकोण होतो, व सरळ कडा शिवणें सोपें जातें, एवढीच त्यांतली युक्ति. १९१२ चें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें. मध्यंतरीं १८९२ सालीं बाल्टिमोरमध्यें हाल्स्टेड यानें डाव्या हांसळीखालची धमनी उगमाजवळ बांधून तिचा फुगवटा कापून काढला व रोगी जगविला. पण तेंहि बांधणेंच.

विद्या हातीं आली तरी ती सैन्याच्या तंबूपर्यंत पोंचण्यास फार काळ जातो. दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन सैनिकांच्या २,४७१ धमनी-जखमांचा हिशेब डीबेकी व सिमोनी यांनीं १९४६ सालीं मांडला. त्यांत ज्यांची धमनी बांधली त्यांच्यांतील शेंकडा ४९ जणांचा अवयव पुढें कापावा लागला. आणि जिला टांके घालून जोडण्याचा यत्न झाला अशा जखमा उण्यापुऱ्या ८१ निघाल्या. कारेलच्या शोधास तेव्हां चाळीसांहून अधिक वर्षें होऊन गेलीं होतीं. धमनीचा तुकडाच गेला असेल तर तेथें काय जोडावयाचें, हा प्रश्न १९५२ सालीं आर्थर व्होऱ्हीस यानें कृत्रिम धाग्याच्या विणीची नळी वापरून सोडविला. डीबेकी हा ह्यूस्टनच्या दुकानांत नायलॉनचें कापड घ्यावयास गेला, तें संपलें होतें म्हणून दुकानदारानें डेक्रॉन नांवाचें नवें कापड पुढें केलें, व तेंच घरच्या शिवणयंत्रावर शिवून त्यानें पहिल्या नळ्या केल्या, अशी हकीकत तो स्वतः सांगत असे. आज जगभर लाखों देहांत जें कापड आहे त्याचा मुहूर्त असा दुकानांतल्या तुटवड्यावर लागला.

आतां हांसळीखालून जरा आंत, महाधमनीकडे वळलें पाहिजे. कारण आमच्या कथेचा कळस तेथें आहे. घोड्यावरून पडलेल्या मनुष्याची महाधमनी बाहेर जखम नसतांहि आंत फुटूं शकते, हें सोळाव्या शतकांत व्हेसेलियसनें नमूद करून ठेवलें होतें. घोड्याच्या जागीं मोटार आली आणि ही विरळा दुखापत नित्याची झाली. वेगांतलें शरीर एकाएकीं थांबलें म्हणजे महाधमनीची कमान पुढें हेलकावते, व कण्याला जखडलेला भाग जागीं राहतो. त्या दोहोंच्या सांध्याशीं, डाव्या हाताची शाखा फुटते तिच्या किंचित् पलीकडे, भिंत फाटते. पार्म्ली व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९५८ सालीं शवविच्छेदनांवरून अशा २७५ दुखापतींचा जो प्रसिद्ध आढावा घेतला, त्यांत कांहीं काळ तरी जगलेले ३८ जण निघाले. बाकीचे जवळजवळ जागींच गेले होते. जे वांचून इस्पितळांत येत, त्यांची डावी छाती बरगड्यांमधून उघडावयाची, फुप्फुस बाजूस सारावयाचें, फाटलेल्या जागेच्या वर व खालीं चिमटे लावून महाधमनीचा प्रवाह थांबवावयाचा आणि मध्यें कापडाची नळी शिवावयाची, असा क्रम असे. प्रवाह थांबला असतां पाठीच्या मज्जारज्जूस रक्त मिळत नाहीं. म्हणून जीव वांचला तरी कमरेखालचें अंग कायमचें लुळें पडण्याचें भय असे. आणि ज्याला हें सोसावयाचें, त्याच्या मांड्या, बरगड्या, कधीं डोकेंहि त्याच अपघातांत फुटलेलें असे. हांसळीखालच्या जखमेसाठींहि हाडच कापून, कधीं उरोस्थि उभी चिरून, वाट करावी लागे. घराचा एक नळ दुरुस्त करण्यासाठीं दर्शनी भिंत पाडावी तशी ही चिकित्सा होती, आणि तिच्याविषयीं कुरकुर करण्याचा कोणास अधिकार नव्हता. कारण दुसरी वाटच नव्हती.

दुसरी वाट शस्त्रवैद्यांनीं काढली नाहीं, ही या इतिहासांतली ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट आहे. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्डे गांवच्या लहानशा इस्पितळांत वेर्नर फोर्समान या तरुण उमेदवारानें स्वतःच्या दंडाच्या शिरेंतून ६५ सेंटिमीटर लांब नळी थेट हृदयापर्यंत सारली, आणि चालत क्ष-किरणाच्या खोलींत जाऊन तिचें चित्र काढून घेतलें. वरिष्ठांनीं त्याची संभावना काय केली हें सांगण्याची जरूर नाहीं; नोबेल पारितोषिक मिळालें तें १९५६ सालीं. १९५३ सालीं स्टॉकहोमच्या सेल्डिंगर यानें सुई, सुईंतून तार, सुई काढून तारेवरून नळी, हा तीन पायऱ्यांचा साधा क्रम बसवून दिला, आणि धमनीत शिरण्यासाठीं सुरी घेण्याची गरज संपली.

परंतु नळीचा उपयोग अजून पाहण्यापुरता होता. रंग सोडावयाचा, चित्र काढावयाचें, आणि चित्र शस्त्रवैद्याच्या हवालीं करावयाचें. या मर्यादेस पोर्टलंडच्या चार्ल्स डॉटर या क्ष-किरणवैद्यानें धक्का दिला. १६ जानेवारी १९६४ रोजीं ८२ वर्षांची एक वृद्धा त्याच्यापुढें आली. तिचा पाय सडत चालला होता आणि तो कापूं देण्याचें ती साफ नाकारीत होती. डॉटरनें अरुंद झालेल्या धमनींतून एकाहून एक जाड नळ्या घालून वाट रुंद केली. पाय ऊबदार झाला, बाई त्यावर चालूं लागली, व पुढें अडीच वर्षांनीं दुसऱ्या कारणानें गेली तेव्हां दोन्ही पाय शाबूत होते. गिटारच्या तारांपासून आपलीं हत्यारें करणाऱ्या या गृहस्थास त्याच्या देशांतले शस्त्रवैद्य वेडा म्हणत. ‘चित्र काढा, पण दुरुस्त करूं नका’ अशा आशयाची ताकीद लिहून त्यांनीं त्याच्याकडे रोगी पाठविल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. युरोपांत मात्र त्याच्या नांवाचें क्रियापदच झालें. १९६९ सालीं त्यानें कुत्र्याच्या पायाच्या धमनींत तारेची वेटोळी ठेवून ती वाट उघडी राहते असें दाखविलें. यापुढचें पाऊल हुलिओ पाल्माझ या अर्जेंटिनांतून अमेरिकेत गेलेल्या वैद्याचें. भिंतीवर गिलावा धरावा म्हणून गवंडी जी कापे पाडून ताणलेली पत्र्याची जाळी वापरतात, ती पाहून त्यास कल्पना सुचली. तिची इवलीशी नळी मिटवून फुग्यावर बसवावयाची, धमनींत नेऊन फुगा फुगवावयाचा, व जाळी तेथेंच ठेवून फुगा परत आणावयाचा. आपले प्रयोग त्यानें १९८५ सालीं प्रसिद्ध केले.

जाळी झाली, कापड होतेंच. दोन्ही एकत्र करून फाटलेल्या महाधमनीस आंतून अस्तर लावण्याचें काम प्रथम कोणी केलें? बहुतेक पुस्तकें व व्याख्यानें ह्वान पारोदी या नांवापाशीं येऊन थांबत असत. पारोदीनें ब्युनोस आयरीस येथें सप्टेंबर १९९० मध्यें पोटांतील महाधमनीच्या फुगवट्यांत डेक्रॉनची नळी पाल्माझच्या जाळीनें बसविली, १९९१ सालीं तें इंग्रजींत प्रसिद्ध केलें, आणि सर्व जगाचे डोळे तिकडे वळले. पारोदीची बुद्धि व चिकाटी निर्विवाद आहे. ही कल्पना त्याच्या डोक्यांत १९७६ पासून घोळत होती. पण त्याच्या तीन वर्षें अगोदर, मार्च १९८७ मध्यें, तेव्हां सोव्हिएत संघांत असलेल्या व आतां युक्रेनमध्यें असलेल्या खार्किव शहरीं निकोलाय व्होलोदोस यानें छातीच्या आंतील महाधमनीचा, आणि तोहि दुखापतीनें झालेला फुगवटा, मांडीच्या धमनींतून अस्तर नेऊन बंद केला होता.

व्होलोदोस हा मूळचा रक्तवाहिन्यांचा शस्त्रवैद्य. सोव्हिएत देशांत पाश्चात्त्य कारखान्यांचा माल सहज मिळत नसे. तेव्हां त्यानें खार्किवमधल्या तंत्रज्ञांस हाताशीं धरून सारें साहित्य तेथेंच तयार करविलें: पोलादी तारेच्या नागमोडी स्प्रिंगा, त्यांवर चढविलेली कृत्रिम धाग्याची नळी, व ती मिटवून आंत नेण्याचें साधन. स्प्रिंग सुटतांच स्वतःच्या ताणानें भिंतीस घट्ट बसे, म्हणून त्यानें त्यास ‘आपोआप स्थिर होणारा’ कृत्रिम अवयव म्हटलें. ४ मे १९८५ रोजीं कटिप्रदेशांतील धमनींत त्यानें तो प्रथम मनुष्यावर वापरला. १९८६ सालीं रशियन नियतकालिकांत त्यावर लेख लिहिला. आणि १९८७ ची छातीची शस्त्रक्रिया १९८८ सालीं वक्षःशस्त्रक्रियेच्या रशियन मासिकांत छापून आली. म्हणजे काम गुप्त नव्हतें. तें उघड छापलेलें होतें, तारखेनिशीं छापलेलें होतें, आणि मोठमोठ्या ग्रंथालयांत जाऊन वाचतां येण्यासारखें होतें. तें वाचलें गेलें नाहीं, कारण तें रशियन भाषेंत होतें. १९९१ सालीं त्याचा एक इंग्रजी लेख एका युरोपीय नियतकालिकाच्या पुरवणींत आला, पण तोंवर पारोदीचें नांव सर्वतोमुखीं झालें होतें. व्होलोदोसनें आपली हकीकत इंग्रजींत सविस्तर लिहिली ती २०१३ सालीं, वयाच्या ऐंशीच्या घरांत. आणि २०१६ सालीं तो वारला. त्यानंतरच्या पुस्तकांत आतां त्याचें नांव बहुधा असतें, कधीं एका ओळींत, कधीं तळटीपेंत.

येथें पारोदीस कमी लेखण्याचा हेतु नाहीं. दोघांनीं स्वतंत्रपणें तेंच गांठलें असें मानण्यास कांहींच हरकत नाहीं. परंतु शास्त्राला भाषा नसते असें जें वारंवार सांगितलें जातें, तें या एका उदाहरणानेंच डळमळतें. सिद्धान्तास भाषा नसेल. तो कोणाचा हें ठरविणाऱ्यांस मात्र भाषा असते. मराठी वाचकांस हें फोडून सांगण्याची आवश्यकता आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आणि यांत केवळ श्रेयाचा प्रश्न नाहीं. १९८८ सालीं जर तो लेख वाचला गेला असता, तर फाटलेली महाधमनी घेऊन पुढील आठ-दहा वर्षें जे इस्पितळांत येत राहिले, त्यांच्यांपैकीं कांहींची छाती उघडावी लागली नसती, व कांहींचे पाय लुळे पडले नसते, असें म्हणण्यास जागा आहे. किती जणांचे, हें कोणास सांगतां येणार नाहीं.

यापुढें वाट रुंद होत गेली. हांसळीखालच्या धमनींतून होणारा प्राणघातक रक्तस्राव आंतून नळी बसवून थांबविल्याची हकीकत अमेरिकन वैद्यांनीं १९९१ सालींच प्रसिद्ध केली. स्टॅनफर्डच्या डेक व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं छातीच्या महाधमनींतील फुगवट्यांवर तेरा रोग्यांचा अनुभव मांडला. पोलादी स्प्रिंगा व डेक्रॉनचें कापड, म्हणजे साधन खार्किवच्याच वळणाचें. हांसळीपुरतें बोलावयाचें तर सर्वांत मोठी शाळा दक्षिण आफ्रिकेंत भरली. केप टाउनजवळच्या टायगरबर्ग इस्पितळांत सुऱ्यांच्या भांडणांतले रोगी एवढे येत कीं, डू टॉइट व त्याच्या सहकाऱ्यांस या एका धमनीवर वर्षानुवर्षें काम करतां आलें. २००० व २००८ सालीं त्यांनीं आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्यांचें म्हणणें सावधपणाचें आहे: ज्याची नाडी व रक्तदाब ठीक आहे अशा रोग्यास ही पद्धति प्रथम पसंतीची मानावी; ज्याचें रक्त उसळत आहे व जो हातचा जात आहे, त्याच्या बाबतींत तार आणि नळीची वाट पाहत बसूं नये. जुनी सुरी अजून म्यानांत गेलेली नाहीं, ती यामुळेंच.

या बदलाची मोजदाद अमेरिकेंतील आघातचिकित्सकांच्या संघटनेनें दोनदां केली. १९९७ च्या पाहणींत महाधमनी फाटून शस्त्रक्रिया झालेले झाडून सारे रोगी छाती उघडूनच दुरुस्त केलेले होते. २००८ च्या पाहणींतील १९३ रोग्यांत तसे शेंकडा ३५ उरले. बाकीच्यांस आंतून अस्तर लावलेलें होतें. मरणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा २२ वरून १३ वर आलें; शस्त्रक्रियेमुळें लुळे पडणाऱ्यांचें शेंकडा ८·७ वरून १·६ वर. हे आंकडे वाचून कोणासहि आनंद व्हावा. पण त्याच पाहणींत आणखी एक आंकडा आहे, आणि तो सहसा व्याख्यानांत ऐकूं येत नाहीं: बसविलेल्या साधनापासून लवकरच उद्भवणारे बिघाड शेंकडा ०·५ वरून १८·४ वर गेले. त्या काळचीं साधनें म्हाताऱ्या माणसांच्या रुंद महाधमनीसाठीं बनविलेलीं होतीं. तरुणाच्या अरुंद व जोरानें वांकलेल्या कमानींत तीं नीट बसत ना, त्यांची वरची कड चोंचीसारखी प्रवाहांत उभी राही, व कधीं सबंध नळीच चेपून जाई. पुढें साधनें सुधारलीं. २०११ सालीं अमेरिकेंतील रक्तवाहिन्यांच्या शस्त्रवैद्यांच्या संस्थेनें अशा दुखापतींत आंतील अस्तरासच पहिली पसंती द्यावी असें सुचविलें.

आतां त्या आडवाटांकडे. महाधमनी फाटते ती डाव्या हाताच्या शाखेच्या अगदीं पलीकडे. त्यामुळें अस्तरास पकड मिळावी म्हणून कित्येकदां त्या शाखेचें तोंडच झांकावें लागतें. मग हाताचें काय होतें? बहुधा कांहीं होत नाहीं. कण्याच्या बाजूनें मेंदूकडे जाणारी धमनी उलटी वाहूं लागते, आणि वरून खालीं आलेलें रक्त हातास पुरतें. १८६४ सालीं ज्या उलट्या प्रवाहानें न्यू ऑर्लिन्सच्या रोग्यास मरणाच्या दारीं नेलें होतें, त्याच उलट्या प्रवाहावर आजचा वैद्य भिस्त ठेवतो. मात्र ती भिस्त आंधळी नसावी. कोणाच्या मेंदूचा पुरवठा त्या एकाच धमनीवर असतो, कोणाच्या हृदयास पूर्वीं जोडलेली वाहिनी त्याच शाखेंतून निघालेली असते. अशा वेळीं मानेंतल्या धमनीपासून हाताच्या धमनीपर्यंत एक छोटी कापडी नळी जोडून मग तोंड झांकतात. त्या जोडणीसाठीं हांसळीच्या वर लहानसा छेद घ्यावा लागतो, आणि अशा रीतीनें शस्त्रवैद्य पुन्हां मॉटच्याच जागेवर येऊन उभा राहतो.

हांसळीखालच्या स्टेंटाची एक निराळी अडचण आहे. हात वर केला कीं हांसळी व पहिली बरगडी यांमधली फट मिटते. दिवसांतून शेंकडों वेळां ती अशी कात्रीसारखी उघडझांप करते, आणि मध्यें सांपडलेली धातूची जाळी कालांतरानें दबते वा मोडते. ओझें उचलणाऱ्या, घण मारणाऱ्या माणसाच्या बाबतींत याचा विचार आधीं करावा लागतो. आणि सुरीच्या जखमा घेऊन येणारे बहुतेक तसेच तरुण कष्टकरी असतात. धमनी मांडीपर्यंत लांब नाहीं, पर्याय दुसरा नाहीं, आणि रोगी वर्षाकांठीं तपासणीस येईलच याचा भरंवसा नाहीं, अशा तिहेरी पेचांत वैद्य सांपडतो. धमनी आज बंद झाली तरी आडवाटांमुळें हात बहुधा वांचतो, एवढाच त्यांत दिलासा.

महाधमनीच्या बाबतींत प्रश्न याहून लांब पल्ल्याचा आहे. निरोगी महाधमनी वयाबरोबर रुंदावत जाते. कापड व धातु रुंदावत नाहींत. विशीच्या तरुणास अपघातानंतर जें अस्तर लावलें, तें त्याच्या सत्तरींत भिंतीला धरून राहील कीं नाहीं, हें पाहण्यास तितकीं वर्षें जावीं लागतील. तोंवर ठराविक काळानें क्ष-किरणांचीं चित्रें काढीत राहणें, व त्या किरणांचाहि देहावर होणारा परिणाम हिशेबांत धरणें, हा क्रम आहे. १९९० नंतरच्या दशकांत ज्यांच्या छातींत ऐन तारुण्यांत हें अस्तर बसलें, त्यांतले कित्येक आतां कोठें पन्नाशी ओलांडीत आहेत.